सॉफ्टवेअरचे कुलूप : चौकटीसोबत की घर बांधून झाल्यावर?

वडीगोद्री (जि. जालना) : सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील गाव. जून २०२४ मध्ये आरक्षणाच्या प्रश्नावर येथे झालेल्या उपोषणामुळे ते राज्यभर चर्चेत आले. एरवी मात्र या पंचक्रोशीतील बोलणे कापूस, ऊस, मोसंबी आणि ‘अनुदान खात्यावर पडले का’ या प्रश्नाभोवतीच फिरते. अतिवृष्टी झाली की पंचनामा होतो, याद्या तयार होतात, त्या संगणकावर चढवल्या जातात आणि मग सुरू होते ती प्रतीक्षा. पूर्वी ही प्रतीक्षा तहसील कचेरीच्या ओट्यावर व्हायची, आता ती मोबाइलवर येणाऱ्या बँकेच्या संदेशाची असते. कागदाची जागा सॉफ्टवेअरने घेतली. कागदात जी चोरी होत असे तिला मात्र या सॉफ्टवेअरने अटकाव केला का, हा प्रश्न याच तालुक्याने २०२५ साली राज्यासमोर ठेवला.

अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानात मोठा अपहार झाल्याचे २०२५ मध्ये चौकशीत पुढे आले. जमीन नसलेल्यांच्या नावे रक्कम काढणे, क्षेत्र वाढवून दाखवणे, एकाच लाभार्थ्याला दोनदा पैसे देणे असे आरोप झाले. वीसहून अधिक कर्मचारी निलंबित झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात सुमारे २५ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला गेला. आरोपांची शहानिशा न्यायालयातच होईल. परंतु चौकशीतून पुढे आलेली एक गोष्ट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. याद्यांना मंजुरी देण्याचा अधिकार तहसीलदारांचा होता आणि त्यांच्या लॉगिनचा व पासवर्डचा वापर कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी केल्याचा आरोप आहे.

म्हणजे कोणी परदेशातून हल्ला केला नाही, कोणी विषाणू सोडला नाही, कोणी कुलूपही फोडले नाही. आरोपानुसार किल्लीच हातोहात फिरली. अशा प्रणालीची सुरक्षा कशी तपासायची? ती पूर्ण झाल्यावर तज्ज्ञांकडून तपासून प्रमाणपत्र घ्यायचे, की ती घडत असतानाच प्रत्येक टप्प्यावर सुरक्षेचा विचार करायचा? संगणक क्षेत्रात गेली दोन दशके सुरू असलेला हा वाद वरकरणी तंत्रज्ञांचा वाटतो. त्याचे उत्तर चुकले तर नुकसान कोणाचे होते, हे अंबड तालुक्याने दाखवून दिले आहे.

दोन पद्धती, दोन स्वभाव

पहिली पद्धत सर्वांच्या परिचयाची. आधी सॉफ्टवेअर काय काम करणार हे ठरते, मग ते लिहिले जाते, चालते की नाही ते पाहिले जाते आणि अगदी शेवटी सुरक्षा तज्ज्ञांचे पथक येते. हे पथक हॅकरच्या भूमिकेत शिरून प्रणालीवर धडका देते, सापडलेल्या त्रुटींची यादी देते, विकासक त्या दुरुस्त करतात, फेरतपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. पुढे प्रणालीभोवती फायरवॉलची तटबंदी उभारली जाते आणि ठरावीक काळाने पुन्हा ऑडिट होते. सरकारी संकेतस्थळांच्या बाबतीत हीच रीत रुळलेली आहे. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या यादीवरील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायची आणि मगच संकेतस्थळ सरकारी सर्व्हरवर चढवायचे.

दुसऱ्या पद्धतीत सुरक्षा हा वेगळा, शेवटचा टप्पा नसतो. गरजा ठरवतानाच ‘या प्रणालीचा गैरवापर कोण आणि कसा करू शकेल’ हा प्रश्न कागदावर मांडला जातो. आराखडा तयार होताना प्रत्येक अधिकाराची वाटणी तपासली जाते. लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या विकासकाच्या नजरेखालून जाते. प्रत्येक बदलानंतर स्वयंचलित चाचण्या आपोआप चालतात आणि एखादी चाचणी अडली तर तो बदल पुढे सरकत नाही. बाहेरून घेतलेल्या तयार सुट्या भागांची नोंद ठेवली जाते. संगणक क्षेत्रात या पद्धतीला ‘डेव्हसेकऑप्स’ असे नाव पडले आहे. विकास, सुरक्षा आणि दैनंदिन संचालन या तिन्ही कामांची माणसे एका टेबलाशी बसवणारी पद्धत, असा त्याचा सरळ अर्थ.

घरबांधणीचे उदाहरण घेतले तर फरक चटकन कळतो. पहिल्या पद्धतीत घर पूर्ण झाल्यावर चोर कुठून शिरेल हे पाहण्यासाठी जाणकाराला बोलावले जाते. तो कडी बदला, गज बसवा असे सांगू शकतो. मागचे दार चुकीच्या भिंतीत काढले आहे असे त्याला आढळले, तर मात्र मालक कपाळाला हात लावतो. ती भिंत पाडण्याइतका पैसा आणि वेळ तेव्हा उरलेला नसतो. मग दारावर एक जादा कुलूप लावून वेळ मारून नेली जाते.

मायक्रोसॉफ्टने थांबवलेले काम

दुसरी पद्धत कोणाच्या हौसेतून जन्मली नाही. २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’ या संगणकीय किड्यांनी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींवर चालणारे जगभरातील सर्व्हर बेजार केले. ग्राहकांचा विश्वास डळमळू लागला. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तर सुरक्षेची निवड करा, असा आदेश दिला. त्यानंतर विंडोजचे काम काही आठवडे थांबवून हजारो विकासकांना सुरक्षित लेखनाचे प्रशिक्षण देण्यात आले आणि जुन्या आज्ञावली तपासण्यात आल्या. २००४ मध्ये घडणीच्या प्रत्येक टप्प्यावर सुरक्षेचे निकष पाळण्याची कार्यपद्धती कंपनीने बंधनकारक केली. जगातील सर्वांत श्रीमंत सॉफ्टवेअर कंपनीलाही शेवटी ठिगळे लावणे परवडेनासे झाले होते, हा त्यातला बोध.

मात्र त्याच काळातील एक घटना दुसरी बाजूही दाखवते. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ नावाच्या किड्याने काही मिनिटांत जगभर थैमान घातले. तो ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. २०१७ मध्ये अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली, तेव्हाही हेच घडले. ‘अपाचे स्ट्रट्स’ या सुट्या भागातील त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, चोर मे महिन्यात शिरले. घडण कितीही चांगली असली तरी देखभाल सुटली की सारे व्यर्थ. दरवर्षी एकदा होणाऱ्या ऑडिटलाही हे पकडता येत नाही, कारण दोन ऑडिटांच्या मधले महिने हल्लेखोराला मोकळे असतात.

पुण्यातील धडा

महाराष्ट्राला या विषयाची जबर किंमत मोजावी लागली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट रोजी झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएम कार्डाचा व्यवहार मंजूर करण्यापूर्वी बँकेच्या मूळ प्रणालीला विचारणा होते. हल्लेखोरांनी या विचारणेच्या वाटेत स्वतःचे बनावट ‘स्विच’ उभे केले. त्यामुळे बनावट कार्डांच्या व्यवहारांना मूळ प्रणालीला न विचारताच मंजुरी मिळत गेली. २८ देशांतील सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढले गेले आणि भारतातील सुमारे २ हजार ८०० व्यवहारांतून अडीच कोटी. दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. हे पैसे काढणारे हस्तक होते, हल्ल्याचे सूत्रधार परदेशातच राहिले.

या हल्ल्याचा अर्थ दोन्ही पद्धतींचे पुरस्कर्ते आपापल्या सोयीने लावतात. एका गटाच्या मते आतील यंत्रणेने बाहेरच्या मंजुरीवर आंधळा विश्वास ठेवला, हा घडणीचा दोष. दुसऱ्या गटाच्या मते सुट्टीच्या दिवशी काही तासांत हजारो परदेशी व्यवहार होत असताना घंटा वाजली नाही, हा देखरेखीचा दोष. खरे पाहता दोन्ही दोष एकाच प्रश्नाची उत्तरे न शोधल्यामुळे राहतात. ‘मंजुरी देणारा घटकच फितूर झाला तर काय?’ हा तो प्रश्न. तो आराखड्याच्या वेळी विचारला गेला, तर दुसरी पडताळणी कुठे हवी, कोणत्या मर्यादेनंतर व्यवहार आपोआप थांबावेत, कोणाला सावध करावे हे ठरते. प्रणाली पूर्ण झाल्यावर तोच प्रश्न अहवालातील एक शिफारस होऊन बसतो.

रिझर्व्ह बँकेने त्यानंतर पावले उचलली. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या बँकांची चार स्तरांत विभागणी केली. जिचे डिजिटल व्यवहार जास्त, तिच्यावरील बंधने कडक. जोखमीनुसार सुरक्षेचे मोजमाप करण्याचे हे तत्त्व सरकारी प्रणालींनाही तितकेच लागू पडते.

कारखान्यातच शिरलेला चोर

घडणीतच सुरक्षा गुंफण्याच्या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही पाहायला हव्यात. या पद्धतीत सॉफ्टवेअर तयार करण्याची, तपासण्याची आणि थेट वापरात आणण्याची सारी साखळी स्वयंचलित असते. साखळीच हल्लेखोराच्या हाती लागली तर तो एका धडकेत सर्वत्र पोहोचतो. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या ‘सोलरविंड्स’ प्रकरणात हेच दिसले. कंपनीच्या सॉफ्टवेअर-बांधणीच्या यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी अधिकृत अद्ययावत आवृत्तीतच विष कालवले आणि ती अमेरिकी सरकारी खात्यांसह हजारो ग्राहकांनी विश्वासाने बसवून घेतली.

भारतात याचा फटका छोट्या बँकांना बसला. ३१ जुलै २०२४ रोजी ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या सेवा पुरवठादारावर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीच्या यंत्रणेला तात्पुरते बाजूला काढले. देशातील सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्यामुळे खोळंबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत होऊ लागली. ‘क्लाउडसेक’ या सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची वाट एका सहयोगी कंपनीच्या ‘जेन्किन्स’ सर्व्हरमधून गेली. या सर्व्हरची मांडणी सदोष होती. ‘जेन्किन्स’ हे सॉफ्टवेअरची बांधणी आणि चाचणी आपोआप करणारे साधन. नव्या पद्धतीचा जणू कणाच. तो उघडा राहिला तर नवी पद्धत जुन्यापेक्षा धोकादायक ठरते.

सुट्या भागांचा प्रश्नही असाच. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भागात गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा जगभरातील संस्थांची पहिली अडचण ही होती की, आपल्या कोणत्या प्रणालीत तो भाग आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांनी घडणीच्या वेळीच सुट्या भागांची यादी ठेवली होती त्यांचे काम तासांत झाले, इतरांना आठवडे लागले. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी असते, तशी ती सॉफ्टवेअरसोबतही हवी, या मागणीने त्यानंतर जोर धरला.

जुनी पद्धत का टिकून आहे?

इतके असूनही शेवटच्या तपासणीची पद्धत सरकारी कामात टिकून आहे, त्याला कारणे आहेत. पहिले कारण निविदेचे. सरकारी निविदेत काम टप्प्यांत वाटलेले असते आणि प्रत्येक टप्प्याचे देयक एखाद्या कागदावर अवलंबून असते. सुरक्षा प्रमाणपत्र हा असा कागद आहे, फायलीला लावता येतो. ‘विकासकांनी दररोज सुरक्षेचा विचार केला’ याचा कागद कसा देणार? दुसरे कारण मनुष्यबळाचे. सुरक्षेची जाण असलेले विकासक महाग असतात आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्याच्या पद्धतीत त्यांना जागा उरत नाही. तिसरे कारण घाईचे. योजना जाहीर होते, तारीख ठरते, पोर्टल पंधरा दिवसांत हवे असते. अशा वेळी आराखड्यावर वेळ घालवू पाहणारा तंत्रज्ञ कामचुकार ठरतो.

चौथे कारण मात्र जुन्या पद्धतीच्या बाजूचे आहे आणि ते डावलता येणार नाही. स्वयंपाक करणाऱ्यानेच चव पाहून शाबासकी द्यायची, याला परीक्षा म्हणत नाहीत. घडणीत सुरक्षा गुंफणारा चमू कितीही प्रामाणिक असला तरी स्वतःच्या गृहीतकांना तो आंधळा असतो. त्रयस्थ तपासनीसाला ती गृहीतके ठाऊक नसतात, म्हणूनच त्याला ती दिसतात. नवी पद्धत स्वीकारताना ‘आता ऑडिटची गरज नाही’ असे सांगणारा पुरवठादार भेटला, तर त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

अंबडच्या आरोपांकडे परत पाहताना

आता अंबड-घनसावंगीच्या प्रकरणाला या दोन्ही पद्धती लावून पाहू. शेवटच्या तपासणीत तज्ज्ञ काय पाहतात? लॉगिनच्या खिडकीत वाकडा मजकूर टाकून आत शिरता येते का, पासवर्ड सांकेतिक रूपात साठवला आहे का, एका वापरकर्त्याला दुसऱ्याची माहिती दिसते का. अशी प्रणाली या सर्व कसोट्यांना उतरली तरी योग्य लॉगिन आणि योग्य पासवर्ड घेऊन आलेला चुकीचा माणूस तिला ओळखता येणार नाही. प्रमाणपत्र खरे असेल आणि पैसेही गेलेले असतील.

संकेतस्थळांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये सर्वांत गंभीर दहा त्रुटींची यादी सुधारली. त्या यादीत अधिकारांच्या मर्यादा न पाळल्या जाणे ही त्रुटी पहिल्या क्रमांकावर होती आणि ‘असुरक्षित आराखडा’ या नव्या वर्गाला प्रथमच स्थान मिळाले. आराखड्यातच राहिलेली उणीव उत्कृष्ट लेखनाने भरून निघत नाही, हे त्यामागचे तत्त्व. अनुदान वाटपाच्या प्रणालीला ते तंतोतंत लागू पडते.

आराखड्याच्या टेबलाशी कोणते प्रश्न विचारले गेले पाहिजेत? यादी भरणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असू शकतो का? मंजुरी केवळ पासवर्डवर मिळते की अधिकाऱ्याच्या बोटाचा ठसा किंवा डिजिटल स्वाक्षरी लागते? गट क्रमांकासमोर भरलेले क्षेत्र सात-बारावरील क्षेत्रापेक्षा जास्त असेल तर प्रणाली ते स्वीकारते का? एकाच बँक खात्यात अनेक नावांची रक्कम जात असेल, तर कोणाला सूचना मिळते? एकाच संगणकावरून तलाठ्याचे आणि तहसीलदाराचे लॉगिन काही मिनिटांच्या अंतराने वापरले गेले तर त्याची नोंद कोण पाहतो? यातील एकाही प्रश्नासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. १ मे २०१८ पासून राज्यात तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. म्हणजे व्यक्तीची खूण कागदाशी बांधण्याचे तंत्र महसूल विभागाच्या हाताशी तेव्हापासूनच आहे.

येथे आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. पासवर्ड हातोहात फिरतो तो प्रत्येक वेळी चोरीसाठीच असे नाही. अतिवृष्टीनंतर हजारो शेतकऱ्यांच्या याद्या काही दिवसांत मंजूर करण्याचा वरून तगादा असतो. अधिकारी बैठकीत असतो, दौऱ्यावर असतो, निवडणुकीच्या कामात असतो. मग ‘तूच माझ्या लॉगिनने करून टाक’ असे सांगितले जाते आणि सवय पडते. एकदा सवय पडली की तिचा फायदा कोण घेईल हे कोणाच्याच हाती राहत नाही. म्हणून केवळ कडक नियम पुरत नाहीत. अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रकमेपर्यंत अधिकार देण्याची सोय प्रणालीतच असावी लागते. काम अडवणारी सुरक्षा माणसे टाळतात, काम सोपे करणारी पाळतात. ही समज कचेरीतील दिवस पाहिल्याशिवाय येत नाही आणि तो पाहण्याची वेळ आराखड्याचीच असते.

निवड कशी करावी?

सर्वच प्रणालींना एकच मापदंड लावणे शहाणपणाचे नाही. केवळ माहिती देणारे, वर्षातून दोनदा बदलणारे संकेतस्थळ असेल तर चांगली शेवटची तपासणी आणि नियमित देखभाल पुरते. जेथे पैसे वळतात, आधार क्रमांक आणि बँक खाती साठतात, शासन निर्णय बदलला की नियम बदलतात, तेथे घडणीत सुरक्षा गुंफण्याला पर्याय नाही. कारण अशी प्रणाली कधी ‘पूर्ण’ होतच नाही. मार्चमध्ये मिळालेले प्रमाणपत्र जुलैतील बदलाबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून खरा निर्णय निविदेच्या मसुद्यात होतो. गैरवापराच्या शक्यतांचा लेखी आराखडा हा स्वतंत्र टप्पा धरून त्याचे देयक वेगळे द्यावे. सुट्या भागांची यादी प्रत्येक आवृत्तीसोबत मागावी. प्रत्येक बदलाच्या स्वयंचलित चाचण्यांचे निकाल विभागाच्या ताब्यात असावेत, पुरवठादाराच्या नव्हे. त्रयस्थ ऑडिट कायम ठेवावे, मात्र लेखापरीक्षकाला आराखडाही दाखवावा आणि त्याचे शुल्क विकासकामार्फत न देता थेट विभागाने द्यावे. बांधणीची यंत्रणा आणि तिच्या किल्ल्या यांनाही ऑडिटच्या कक्षेत आणावे. शेवटची अट देखभालीची. पोर्टल सुरू झाल्यावर निधी आटणार असेल, तर वरील पाचही अटी कागदावरच राहतील.

खर्च वाढेल, हे उघड आहे. पण न केलेल्या खर्चाची किंमतही आता कायद्याने ठरवली आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे बंधनकारक झाले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा घटनेनंतर जागा होतो, निविदा घटनेच्या आधी. शहरातील वाचकालाही यातून सुटका नाही. मालमत्ता कर, वीजबिल, सहकारी बँकेतील ठेव आणि रुग्णालयातील नोंदी अशाच प्रणालींत आहेत आणि त्यांच्या निविदा अशाच मसुद्यांवर निघतात.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाडा पुन्हा झोडपून निघाला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत जाणारी मदत पुन्हा पंचनामा, यादी, लॉगिन आणि मंजुरी याच वाटेने जाते. पाण्याचा लोंढा मोठा असेल तर पाटाची डागडुजी आधी करावी लागते, हे कालव्याकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ज्या वर्षांतील अनुदानाबद्दल अंबड-घनसावंगीत गुन्हा दाखल झाला, त्याच काळात अनुदानाच्या यादीतील शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळत असे. तो घेऊन त्याने आपले सरकार सेवा केंद्रात जायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला नाही तर पुन्हा ठेवायचा, तरीही न जुळल्यास पुन्हा फेरी मारायची. स्वतःचेच काही हजार रुपये मिळवण्यासाठी तो तोच आहे हे त्याला असे सिद्ध करावे लागे. कोट्यवधींच्या याद्या मंजूर करणाऱ्या खुर्चीकडून मात्र, आरोप खरे मानले तर, पासवर्डपलीकडे काहीच मागितले गेले नाही. घेणाऱ्याची ओळख अंगठ्याने आणि देणाऱ्याची चिठोऱ्यावर लिहिता येणाऱ्या अक्षरांनी, ही विषमता कोणत्याही शेवटच्या तपासणीत त्रुटी म्हणून नोंदली जात नाही. ती आराखड्याच्या पहिल्या पानावरच खोडावी लागते.